गार्डसाहेबांची केबल

बायको गाते हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. ती दुसऱ्या कुणाबरोबर गाताना कशी दिसते, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आमच्याकडे नाशिकला, जेलरोडला कराओकेचा एक गट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये सगळे जमतात. मोबाइलवर गाण्याचा नुसत्या वाद्यांचा ट्रॅक लावायचा आणि माइक हातात घेऊन गायचं. अधूनमधून तालमी होतात आणि वर्षातून एकदा खुर्च्या मांडून, घरच्यांना बोलावून मोठा कार्यक्रम. बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने गटात नाव घातलं आणि तिला सोडायला-आणायला म्हणून मीही जाऊ लागलो. मला गाता येत नाही. पण मी सिन्नरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, वायरी आणि मीटर हे माझं रोजचं काम. त्यामुळे गटाचा मिक्सर आपोआप माझ्याकडे आला. मिक्सर म्हणजे ते बटणांचं खोकं, ज्यात सगळे माइक आणि मोबाइल जोडायचे आणि कुणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं. हॉलच्या मागच्या भिंतीशी टेबल टाकून मी बसायचो. बायको गायची, मी तिचा आवाज केसभर जास्त ठेवायचो. कुणाला कळायचं नाही. तिलाही नाही.

मग गार्डसाहेब आले.

ते रेल्वेत गार्ड होते. नोकरीचा बराच काळ इगतपुरीला काढून, निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला फ्लॅट घेऊन राहायला आले होते. उंच, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, आणि आवाज असा की माइक बंद असला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. पहिल्याच दिवशी त्यांनी एक जुनं युगुलगीत गायची इच्छा सांगितली आणि विचारलं, “कोण गाईल माझ्यासोबत?” बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. माझी बायको उठली.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, “मॅडम, पेटीवर तुमची पट्टी काळी तीन आहे. तुम्ही आजवर उगाच खाली गात होता.”

ती नुसती हसली. पण पुढच्या महिन्यात ती काळी तीनमध्ये गायली, आणि खरंच चांगली गायली. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे त्यांना एका संध्याकाळी कळलं आणि मला इतक्या वर्षांत कसं नाही कळलं?

त्यानंतर त्यांची जोडीच झाली. गार्डसाहेबांच्या खांद्याला स्टीलचा एक थर्मास असायचा, त्यात आलं घातलेलं गरम पाणी. झाकणात ओतून ते बायकोला द्यायचे, “घ्या, गळा मोकळा होईल.” ती फुंकर मारत प्यायची. मी घरून तिच्यासाठी पाण्याची बाटली नेत असे, ती भरलेली तशीच परत यायची.

घरीही गार्डसाहेब असायचेच. म्हणजे त्यांचा आवाज असायचा. बायको कणीक मळत असायची आणि ओट्यावर डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून त्यांचे व्हॉइस मेसेज वाजायचे. एकदा ती एकटीच हसताना दिसली म्हणून मी विचारलं, “काय म्हणतायत?”

“अंतऱ्यात मी श्वास चुकीच्या जागी घेते म्हणे. गाडी सिग्नलला थांबल्यासारखी थांबते.”

“मला तर कधी जाणवलं नाही.”

“तुम्ही ऐकता कुठे? तुमचं लक्ष त्या बटणांत.”

तिला काय सांगणार, की तिच्या एकटीच्या आवाजासाठीच माझं लक्ष त्या बटणांत असतं. मला कुणावर संशय नव्हता, हे आधीच सांगतो. तसलं काही नव्हतंच. पण नसूनही जळायला होतं. भांडायला मुद्दा नाही, रागवायला कारण नाही, आणि जेवताना घास उतरत नाही. एखाद्याने तुमच्या घरात येऊन काहीही न उचलता घर निम्मं रिकामं केलं, तर तक्रार कुठे करायची?

वार्षिक कार्यक्रम जवळ आला तेव्हा गार्डसाहेबांनी एक टॅब घेतला. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात डोळ्यांसमोर दिसावेत म्हणून तो त्यांना समोर स्टँडवर लागायचा. गटाची केबल हातभर लांबीची, मोबाइल माझ्या टेबलावर ठेवण्यापुरती. म्हणून त्यांनी मेन रोडवरच्या एका दुकानातून लांबलचक नवी केबल करून आणली. एका टोकाला टॅबमध्ये जाणारी छोटी पिन, दुसऱ्या टोकाला मिक्सरमध्ये जाणारी मोठी जाड जॅक. दोन्ही चकचकीत, सोनेरी. “आता तुम्हाला काही त्रास नाही,” ते मला म्हणाले, “खोचायचं आणि चालू.”

मी खोचलं. त्यांनी ट्रॅक लावला. आणि स्पीकरमधून जे आलं ते विहिरीच्या तळाशी कुणीतरी बँड वाजवत असल्यासारखं होतं. ढोलक गायब, खालचा ठेका गायब, मुख्य बासरी कुठेतरी दूर. नुसती व्हायोलिनची झालर आणि घुमारा तेवढा वर तरंगत होता. मी आवाज वाढवला, तर गाण्यापेक्षा घरघरच वाढली. बायको दुसऱ्या ओळीतच सुटली. तिला ठेकाच ऐकू येत नव्हता.

“आवाज द्या की,” गार्डसाहेब माइकवरून म्हणाले.

“पूर्ण दिलाय,” मी म्हणालो.

टॅबला कान लावून त्यांनी ऐकलं. टॅबमध्ये ट्रॅक ठणठणीत होता. मग गटातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मोबाइलवर, गटाच्या केबलवर गायल्या. ढोलकासकट सगळं हॉलभर घुमलं. पुन्हा गार्डसाहेबांचा टॅब लावला, पुन्हा विहीर.

गार्डसाहेब टेबलापाशी आले. “बघा की जरा, केबल तर खराब नाही?”

माझ्या बॅगेत मल्टिमीटर असतोच. सगळ्यांदेखत मी केबलची दोन्ही टोकं तपासली. मीटर प्रत्येक तारेला टूं टूं वाजला. कुठे तुटलेली नाही, कुठे एकमेकीला चिकटलेली नाही. “केबलमध्ये काही दोष नाही,” मी जाहीर केलं. टॅब चांगला, केबल चांगली, मिक्सर चांगला. राहिलं कोण? मिक्सरवर बसलेला माणूस. हे माझ्या लक्षात येण्याआधी इतरांच्या लक्षात आलं असावं, कारण सगळे एकदम चहाकडे वळले.

खरं सांगायचं तर ते पडेल गाणं ऐकताना मला वाईट वाटलं नव्हतं. त्या दोघांचा मेळ बसत नव्हता आणि माझ्या जिवाला गार वाटत होतं. पण मी बटणाला हात लावला नव्हता, ही गोष्टही तितकीच खरी होती.

पुढच्या तालमीला तर कळसच झाला. तोच टॅब, तीच केबल, तेच मरतुकडं संगीत. दोघं कशीबशी गात होती. गटातल्या एक बाई चहाचा ट्रे घेऊन माझ्या टेबलामागून निघाल्या आणि त्यांचा पाय लोंबत्या केबलमध्ये अडकला. जॅक मिक्सरमधून अर्धवट बाहेर आली. त्याच क्षणी ढोलक धाडकन वाजला. ठेका आला, बासरी आली, हॉल भरून गेला. बायकोचा चेहरा उजळला, गार्डसाहेबांनी हात वर केला, दोघांनी पुढची ओळ अशी उचलली की चहा वाटणाऱ्या बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

आणि मी काय केलं? नोकरीत मुरलेला हात. अर्धवट निघालेली जॅक दिसली, मी ती दाबून नीट आत बसवली.

गाणं पुन्हा विहिरीत पडलं.

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. माझा हात अजून जॅकवरच होता.

परतताना स्कूटरवर बायको नेहमीसारखी खांद्यावर हात न ठेवता मागची कडी धरून बसली. बिटको चौकाच्या सिग्नलला मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, “एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“तुम्ही मुद्दाम करताय का?”

“तुला तसं वाटतं?”

“मला तसं वाटायला नको म्हणून विचारतेय.”

“नाही करत.”

“मग काय होतंय ते शोधा. गार्डसाहेब बिचारे काही बोलत नाहीत, पण मला लाज वाटते.”

‘बिचारे’ हा शब्द मला घरापर्यंत टोचत आला. तिने आजवर मला कधी बिचारा म्हटलं नव्हतं.

केबल मी सोबत आणली होती. दुसऱ्या दिवशी रविवार. चहा झाल्यावर कपाटावरचा मिक्सर काढून जेवणाच्या टेबलावर मांडला, हेडफोन लावला आणि बायकोला म्हणालो, “तुझा मोबाइल दे.” तिच्या मोबाइलला अजून गोल पिनेची जागा आहे. गार्डसाहेबांच्या केबलने तो मिक्सरला जोडला आणि तिच्याकडचा एक ट्रॅक लावला. विहीर. म्हणजे टॅबचा संबंध नव्हता. गटाची आखूड केबल लावली, ट्रॅक पूर्ण आला. म्हणजे मिक्सरचाही नव्हता. दोष केबलचाच होता, जिला मी सगळ्यांसमोर निर्दोष ठरवलं होतं.

दोन्ही केबली शेजारी ठेवून मी बघत बसलो. गटाच्या केबलची छोटी पिन पुढे जाऊन दोन फाट्यांत वाटली जाते आणि टोकाला दोन वेगळ्या जॅक असतात. त्या दोन्हींवर एक-एकच काळी रेघ. गार्डसाहेबांच्या केबलला मोठी जॅक एकच, तिच्यावर दोन रेघा. दोन रेघा म्हणजे स्टिरिओ, एकाच जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज. छोट्या पिनेवरही दोन रेघा होत्या. दोन्ही टोकांना सारखंच आहे म्हटल्यावर तेव्हा माझं समाधान झालं होतं.

पण मिक्सरच्या त्या भोकाला डावं-उजवं कळतच नाही. ते मोनो, एकाच आवाजासाठी केलेलं. तिथे दोन तारा आल्या तर तो एकच आवाज, एकदा सुलट आणि एकदा उलट, असा आलाय असं ते धरून चालतं आणि एक तार दुसरीतून वजा करतं. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांत सारखीच असते, ती वजाबाकीत निघून जावी म्हणून ही सोय. कारखान्यात सेन्सरच्या तारा मी याच पद्धतीने जोडत आलोय, आणि आपल्या टेबलावर मला ते दिसलं नव्हतं. गार्डसाहेबांच्या केबलमधून डावा आणि उजवा येत होता. दोन्हींत जे सारखं होतं, म्हणजे ढोलक, ठेका, मुख्य बासरी, तेवढं सगळं मिक्सर वजा करून टाकत होता. वेगळं होतं तेवढं उरत होतं. आणि जॅक अर्धी बाहेर आली की एकच बाजू जोडलेली राहायची, वजा करायला दुसरी नसायची. म्हणून ढोलक धाडकन वाजला होता.

खात्री करायला मला दोन्ही बाजूंना अगदी सारखं असलेलं काहीतरी हवं होतं. बायकोच्या मोबाइलवर तिने केलेलं त्या दोघांच्या टॅब येण्याआधीच्या तालमीचं रेकॉर्डिंग होतं. फोनच्या एका माइकवर केलेलं, म्हणजे डावं-उजवं एकच. ते गार्डसाहेबांच्या केबलने लावलं. हेडफोनमध्ये जवळजवळ शांतता. दूरवर दोन मुंग्या गात असाव्यात इतकंच.

बायको समोर शेंगा सोलत बसली होती. मी हेडफोन तिच्या कानाला लावला. “ऐक. मी काहीही केलेलं नाही.”

तिने ऐकलं. मग मी जॅक थोडी बाहेर ओढली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की गाणं आलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. हेडफोन काढून तिने माझ्याकडे दिला. “सॉरी,” ती म्हणाली, आणि लगेच, “कार्यक्रमापर्यंत होईल ना दुरुस्त?”

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि ते रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. हॉलमध्ये मी कधी त्यांचं गाणं ऐकलंच नव्हतं, नुसता त्यांना बघत होतो. आता बघायला काही नव्हतं. गार्डसाहेबांचा आवाज आधी यायचा, तिची ओळ उचलून तिच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचा. तिचा आवाज त्या जागेत मोकळा फिरायचा. माझ्या घरात इतकी वर्षं गुणगुणणारी हीच बाई, आणि हा आवाज मला ओळखीचा नव्हता. मघापर्यंत मी थर्मासवर, इस्त्रीच्या शर्टावर, व्हॉइस मेसेजवर जळत होतो. ते सगळं पोरकट वाटलं. जळण्यासारखं खरं काय होतं, ते आता कानात वाजत होतं.

गाणं संपल्यावर मी कात्री घेतली आणि ती चकचकीत मोठी जॅक केबलपासून कापून टाकली. बायको दचकली.

“अहो! त्यांची आहे ती!”

“दोन नव्या लावतो,” मी म्हणालो. सोल्डरिंग गनचा धूर डोळ्यांत जात होता, ते बरंच झालं. डावी तार एका जॅकला, उजवी दुसरीला, दोघींवर एक-एक रेघ. मिक्सरमध्ये दोन वेगळ्या भोकांत जातील, कुणी कुणाला वजा करणार नाही. बायकोने पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, “झालं की!” तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. कारखान्यात साहेब थोपटतात तसं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. गार्डसाहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की केबल स्टिरिओ, भोक मोनो, आणि जोडणी बदलली आहे. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. “मला माहीत होतं, तुम्हीच शोधून काढाल.” त्यांच्या मनात किंतु नव्हता, आणि त्याचाही मला राग आला. माणसाने थोडा तरी संशय घ्यायला हवा होता.

त्यांच्यासोबत त्यांची बायको पहिल्यांदाच आली होती. ठेंगणी, ठसठशीत कुंकू, हातात डब्यांची पिशवी. पुढच्या रांगेत जागा ठेवलेली असताना ती सरळ मागे आली आणि माझ्या टेबलाशेजारची खुर्ची ओढून बसली.

“हितं बसले तर चालंल ना, भाऊ?”

“बसा की वहिनी. पण इथून नीट दिसणार नाही.”

“मला कुठं बघायचंय?”

युगुलगीत सुरू झालं. ढोलक आला, बासरी आली. बायकोने हिरवी साडी नेसली होती, गार्डसाहेबांचा शर्ट पांढराशुभ्र. पहिल्या कडव्यालाच टाळ्या पडल्या. मी बटणांवर बोटं ठेवून बसलो होतो. दोघांचे आवाज अगदी सारखे ठेवले होते. बायकोचा केसभरही जास्त नाही. तिला आता त्याची गरज नव्हती.

शेजारून हळू आवाजात प्रश्न आला, “भाऊ, यातून आवाज कमी करता येतो का?”

“कुणाचा?”

“दोघांचाबी.”

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती समोरच बघत होती.

“सकाळी उठल्यापासून हेच गाणं हाय घरात,” ती म्हणाली. “आंघोळीला हेच, देवापुढं हेच. परवा भाजीत मीठ टाकायचं राहिलं, तर हे तसंच खाऊन उठले. इगतपुरीला असताना मीठ कमी झालं तर ताट सरकवायचे. आता मॅडमचा श्वास कुठं तुटतो ते सांगत बसतात मला. मला काय कळतंय त्यातलं?”

मला हसू आलं, पण तिच्याकडे बघून थांबलं.

“तुम्हाला काय वाटत नाय?” तिने विचारलं.

“काय वाटायचं? गाणं आहे.”

“खोटं बोलू नका,” ती म्हणाली. “मघापासून बघतेय, तुमचं त्वांड कसं झालंय ते.”

पुढे गाण्याचा शेवट जवळ आला होता. दोघांनी वरचा स्वर एकत्र लावला आणि हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. आम्ही दोघंही ऐकत होतो. “लय चांगलं गातात मेले,” ती पुटपुटली, आणि पदराने डोळे पुसले. कशाने भरले होते ते मी विचारलं नाही. माझेही कोरडे नव्हते.

टाळ्या थांबेनात. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, असा ओरडा झाला. गार्डसाहेबांनी माझ्याकडे हात करून माइकवर सांगितलं की आजच्या आवाजाचं श्रेय मागे बसलेल्या यांना. लोकांनी माना वळवल्या. तालमीला वळवल्या होत्या तशाच, फक्त या वेळी हसून. वहिनीने पिशवीतून डबा काढला, त्यात नागलीचे पापड भाजून आणले होते. “खा,” ती म्हणाली. आम्ही दोघांनी पापड खात ते गाणं दुसऱ्यांदा ऐकलं.

आता ती दर महिन्याला येते आणि मागेच बसते. तिला मी कुठलं बटण कशाचं ते शिकवलंय. गार्डसाहेबांचा आवाज ती कधीकधी मुद्दाम थोडा खाली ओढते आणि माझ्याकडे बघते, मी तो परत वर करतो. जळणं गेलंय असं नाही. काळी तीनमध्ये बायको वर चढते तेव्हा अजूनही आत काहीतरी पिळवटतं, आणि शेजारच्या खुर्चीतही पिळवटतंय हे ठाऊक असल्यामुळे ते सोसतं, एवढंच.

गेल्या महिन्यात स्कूटरवर परतताना बायकोने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “गाणं चालू असताना तुम्ही दोघं मागे एवढं काय बोलत असता?”

“काही नाही. मशीनबद्दल.”

“मशीनबद्दल एवढं हसायला येतं?”

सिग्नल सुटला होता. मी स्कूटर नेहमीपेक्षा जरा सावकाश चालवली.